चार दिवसांचं घरचं मैदान

पहाटे चारला पुण्याच्या वाकडेवाडीहून निघालेल्या एसटीत संगमनेरपर्यंत सगळे मफलर-शालींत गुरफटून झोपले होते. प्रवरेचा पूल ओलांडला आणि उजाडलं. २०२५चा जानेवारी संपत आला होता. सिन्नरला पाठीवर लांबडी क्रिकेट किट अडकवलेली दोन पोरं बसमध्ये चढली आणि जागा मिळत नाही म्हणून किट पायांत घेऊन दाराजवळच उभी राहिली. मी विचारलं, "मॅच बघायला?" त्यातला एक म्हणाला, "हो काका, आज क्लासला सुट्टी दिली सरांनी. म्हणाले, तिकडं जास्त शिकाल."

क्रिकेटच्या संदर्भात सिन्नरचं नाव माझ्या डोक्यात बसलं ते माया सोनवणेमुळे. २०२२च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये ती व्हेलॉसिटीकडून खेळली. चेंडू सोडताना तिचं डोकं थेट जमिनीकडे झुकतं, नजर फलंदाजावरून पार निघून जाते, आणि तरी लेगस्पिन जायचा तिथंच जातो. तेव्हा देशभरच्या लोकांनी ती अॅक्शन पुन्हा पुन्हा पाहिली. गोंदेश्वराच्या देवळासाठी आणि औद्योगिक वसाहतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावात लेगस्पिन शिकणारी मुलगी घडते, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या दोन पोरांनाही ती माहीत होती. "आमच्या इथलीच आहे," एवढंच पोरं म्हणाली, पण बोलताना दोघांच्या माना ताठ झाल्या.

मी निघालो होतो महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना बघायला. महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेल्या महाराष्ट्राचा संघ. या संघाला पुण्याजवळ गहुंज्याला भलंमोठं स्टेडियम आहे. तरीही अधूनमधून तो आपला मुक्काम हलवतो. कधी सोलापूरला जातो, कधी नाशिकला येतो. संघ असा फिरतो तेव्हाच त्याचा हंगाम खऱ्या अर्थानं कळतो, असं मला बऱ्याच वर्षांपासून वाटत आलंय. स्टेडियममध्ये सामना दिसतो. गावात आलेला संघ मात्र माणसांसारखा दिसतो. कोण कुणाशी बोलतंय, कोण एकटाच सीमारेषेवर फेऱ्या मारतोय, बाद झाल्यावर कोण हेल्मेट न काढता बसून राहिलाय, हे सगळं इथं डोळ्यांनी दिसतं.

नाशिकच्या ठक्कर बाजारला उतरून त्र्यंबक रोडनं चालत निघालं की थोड्याच वेळात मैदान येतं. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. शहरात बहुतेक लोक गोल्फ क्लब म्हणतात. पलीकडे ईदगाह मैदान. पहाटेचे फिरायला येणारे लोक नऊ वाजून गेले तरी हटले नव्हते. स्वेटर घातलेले आजोबा ट्रॅकवरच थांबून आत बघत होते. तिकीट नव्हतं, रांग नव्हती. मांडवाखाली खुर्च्या होत्या आणि ज्यांना खुर्ची नको होती ते कट्ट्यावर उन्हात बसले होते. नाशिकच्या जानेवारीत सकाळची उन्हाची जागा खुर्चीपेक्षा जास्त मागणीची असते.

सामना सुरू व्हायच्या आधी मी काही वेळ मैदानाच्या नावाजवळ रेंगाळलो. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता आणि तिथं अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासोबत त्यांना फाशी झाली. आज या मैदानावर त्याच वयाची मुलं सोळा वर्षांखालच्या आणि एकोणीस वर्षांखालच्या निवड चाचण्या देतात. त्यांनी एकदा तरी या नावामागचा मुलगा कोण होता हे विचारावं असं मला मनापासून वाटतं. एका प्रशिक्षकांनी सांगितलं की ते दर हंगामाच्या पहिल्या दिवशी ही गोष्ट मुलांना सांगतात. ऐकून बरं वाटलं.

साडेनऊला खेळ सुरू झाला. महाराष्ट्राची फलंदाजी पहिली. ऋतुराज गायकवाड कर्णधार, त्यामुळे गर्दी नेहमीच्या रणजीपेक्षा जास्त. त्याच सकाळी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर रोहित शर्मा जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरला होता. ऑस्ट्रेलियातल्या पराभवानंतर भारतीय संघातल्या खेळाडूंना रणजी खेळायला सांगण्यात आलं होतं आणि देशभरचे कॅमेरे त्यांच्यामागे होते. रोहित तीन धावांवर बाद झाल्याची बातमी आमच्या कट्ट्यावर मोबाइलवरून पसरली, दोन मिनिटं चर्चा झाली आणि लोक पुन्हा समोर बघायला लागले. समोर नव्या एसजी चेंडूची शिवण थंड हवेत बोलत होती. सकाळचा पहिला तास अशा खेळपट्टीवर फलंदाजाची खरी परीक्षा असते. खालचा ओलावा अजून उतरलेला नसतो, चेंडू उशिरा हलतो आणि बॅट पुढे टाकली की कड घेतो. टीव्हीवर हे कळतं, पण आवाज कळत नाही. सोडून दिलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये जाऊन बसतो तो आवाज कट्ट्यावर शंभर पावलांवरून स्पष्ट येत होता.

माझ्या शेजारी ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते.

"पुण्याहून आलात? तुमच्याकडं तर आख्खं स्टेडियम आहे की!"

"आहे ना काका. पण तिथून बॉलरचे पाय दिसत नाहीत."

हे ऐकून ते एकदम खुलले. त्यांचं सगळं लक्ष पायांवरच होतं. "तो बघा, पुढचा पाय आडवा टाकतोय. दुपारपर्यंत कंबर धरणार," असं ते एका गोलंदाजाबद्दल म्हणाले. चहापानाच्या सुमारास तो गोलंदाज खरोखरच सीमारेषेवर उभा राहून कंबर मोडत होता. विमानाचे सुटे भाग तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर होती ती.

या सामन्याला एक पार्श्वभूमी होती. २०२४-२५पासून रणजीचा हंगाम दोन तुकड्यांत विभागला गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखळीतले पाच सामने, मग दोन महिने मर्यादित षटकांच्या स्पर्धा, आणि जानेवारीत उरलेले दोन. खेळाडू टी-ट्वेंटीच्या घाईतून उठतात आणि एकदम चार दिवसांच्या लयीत बसतात. नाशिकचा सामना हा दुसऱ्या तुकड्यातला पहिला. आणि त्यात महाराष्ट्राचा जुनाजाणता फलंदाज अंकित बावणे नव्हता. नोव्हेंबरमध्ये गहुंज्याला सेनादलाविरुद्धच्या सामन्यात ऋतुराज भारत 'अ' संघाबरोबर ऑस्ट्रेलियात असल्यानं बावणे कर्णधार होता. स्लिपमध्ये झेल घेतल्याचं अपील झालं, पंचांनी बाद दिलं, बावणेचं म्हणणं चेंडू आधी जमिनीला लागला. त्या सामन्याला डीआरएस नव्हतं, त्यामुळे दाद मागायची सोय नव्हती. तो मैदान सोडायला तयार झाला नाही, खेळ थांबला. त्याची शिक्षा म्हणून एका सामन्याची बंदी आली आणि ती नेमकी नाशिकच्या सामन्यात भोगावी लागली.

मला त्या प्रसंगात पंचांचंही दुःख दिसतं आणि बावणेचंही. पंचांना एका नजरेत निर्णय द्यावा लागतो. वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी ढीगभर धावा करणाऱ्या फलंदाजाला मात्र प्रत्येक डाव मोजावा लागतो, कारण त्याचा हंगाम म्हणजे साखळीतले सात सामने, फार तर चौदा डाव. एक चुकीचा निर्णय हंगामाचा चौदावा हिस्सा घेऊन जातो. तरी मैदान सोडायलाच हवं होतं, यात मला शंका नाही. इथं नाशिकला येऊन बसलेल्या सिन्नरच्या पोरांनी बघून शिकायचं असेल तर तेच शिकायला हवं.

रणजीपटू हा आज पूर्णवेळ व्यावसायिक आहे, हे बऱ्याच लोकांच्या ध्यानात येत नाही. २०२१मध्ये क्रिकेट मंडळानं मानधन वाढवलं. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाचे साठ हजार रुपये, एकवीस ते चाळीसवाल्याला पन्नास हजार, त्याखालच्याला चाळीस हजार. राखीव खेळाडूंना त्याच्या निम्मे. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण दिवस किती, हे मोजा. सात सामन्यांचे अठ्ठावीस दिवस, तेही संघात जागा टिकली तर. बाकीचं वर्ष व्यायाम, सराव, दुखापती आणि वाट बघणं. म्हणून या लोकांचं खेळणं इतकं गंभीर असतं. त्या दुपारी उपाहाराच्या सुट्टीत राखीव खेळाडूंपैकी एक जण सीमारेषेजवळ एकटाच एका स्टंपवर फेक करत होता. चेंडू उचलायचा, फेकायचा, पुन्हा जाऊन आणायचा. सुट्टी संपेपर्यंत तो थांबला नाही.

नाशिककरांचा डोळा मात्र रामकृष्ण घोषवर होता. गावातला मुलगा, उंच, मध्यमगती गोलंदाज आणि फटके मारणारा फलंदाज. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२४च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जनं त्याला तीस लाखांच्या मूळ किमतीला घेतलं होतं. तो नुसता सीमारेषेकडे आला तरी मागून कुणीतरी घरच्या नावानं हाक मारायचं. त्यानं एकदा हात वर केला आणि एचएएलचे काका म्हणाले, "लहानपणी इथंच नेटमध्ये बघितलाय हो याला." खरं असेल, नसेल. पण असं म्हणता येणं हीच घरच्या मैदानाची गंमत आहे. सत्यजीत बच्छाव हा डावखुरा फिरकीपटूही नाशिकचा. आणि त्याआधी सप्टेंबरमध्ये एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुदुच्चेरीत शतक ठोकणारा साहिल पारखसुद्धा इथलाच.

बडोद्याचा संघ त्या वेळी गटात जोरात होता. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईला हरवलं होतं. नाशिकला मात्र त्यांचं काही चाललं नाही. महाराष्ट्रानं तो सामना ४३९ धावांनी जिंकला. एवढ्या फरकाचा विजय दिसायला सुंदर असतो असं नाही. शेवटच्या डावात समोरचा संघ हरणार हे ठरलेलं असतं आणि तरी प्रत्येक फलंदाजाला येऊन उभं राहावं लागतं. कट्ट्यावरच्या लोकांनी बडोद्याच्या तळाच्या फलंदाजांनाही टाळ्या दिल्या. त्या गटातून पुढे गेले जम्मू-काश्मीर आणि मुंबई. महाराष्ट्राचा विजय कामी आला नाही. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक जिंकल्यानंतर हा संघ तिसऱ्याची वाट बघतोच आहे. देवधर तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, संस्कृत शिकवायचे, आणि मुंबईविरुद्ध २४६ धावा काढत होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी गंगापूर रोडच्या बाजूला फिरायला गेलो. नाशिक हे आधी धावणाऱ्यांचं गाव. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडली आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला नौकानयनात उतरला. पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर भीष्मराज बाम याच शहरात राहून खेळाडूंच्या मनावर काम करत होते. नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत किती जण त्यांच्याकडे आले! २०१७मध्ये ते गेले. हरण्याच्या भीतीशी कसं वागायचं हे शिकवणारा माणूस एका शहरात राहत होता, म्हणून त्या शहराच्या मैदानांवर थोडी अधिक शांतता आहे, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. हा माझा भाबडेपणा नाही. भोसलाच्या मैदानावर अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारणाऱ्या मुली बघितल्यावर कुणालाही हेच वाटेल.

दुसऱ्या सकाळी मिसळीच्या टेबलावर विषय निघाला तो ईगल नाशिक टायटन्सचा. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३च्या जूनमध्ये सुरू झाली आणि नाशिकला स्वतःच्या नावाचा व्यावसायिक संघ मिळाला. राहुल त्रिपाठी त्यातला मोठा चेहरा. पहिल्याच हंगामात पुणेरी बाप्पाविरुद्ध सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीनं ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात तेरा षटकार. मग गोलंदाजीत २१ धावांत चार बळी घेतले आणि सामना एका धावेनं जिंकून दिला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मिसळवाल्याकडच्या एका तरुणाला त्यातले बरेच षटकार कुठल्या दिशेला गेले ते तोंडपाठ होतं.

"तुम्ही गेला होतात बघायला?" मी विचारलं.

"नाही हो दादा. गहुंज्याला कोण जाणार? आमची टीम आम्ही मोबाइलवर बघतो."

हे वाक्य माझ्या मनात अडकून राहिलं. महाराष्ट्राच्या नावाचा संघ चार दिवस नाशिकला येऊन राहतो, गावातले लोक त्याच्या गोलंदाजांचे पाय ओळखतात. आणि नाशिकच्या नावाचा संघ मात्र आपला हंगाम नाशिकपासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब खेळतो. कोल्हापूर, रत्नागिरी, सोलापूर, सगळ्यांचं तेच. गावाचं नाव जर्सीवर, आणि गाव घरी.

जूनमध्ये मी गहुंज्याला टायटन्सचा एक सामना बघायला मुद्दाम गेलो. दिवे, संगीत, मोठा पडदा. खेळ चांगला होता, खेळाडू जीव तोडून खेळत होते. पण नाशिककर शोधून काढावे लागले. निफाडहून गाडी करून आलेलं एक कुटुंब भेटलं. वडील द्राक्ष बागायतदार, मुलगा यष्टिरक्षक. ते रात्रीच परत निघणार होते. पुढच्या आठवड्यांत टायटन्सनं कमाल केली. २०२४च्या अंतिम सामन्यात रत्नागिरी जेट्सकडून हरलेला हा संघ २२ जून २०२५ला रायगड रॉयल्सला हरवून विजेता झाला. नाशिकच्या नावानं करंडक आला. तो क्षण गोल्फ क्लबच्या कट्ट्यावरच्या लोकांनी समोर बघायला हवा होता, याची मला खंत आहे.

संघाचं गाव एकीकडे आणि सामने दुसरीकडे, हा प्रश्न फक्त क्रिकेटचा नाही. पण जिथं तो नाही, तिथलं आधी बघा. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यातले ८१ घरच्या मैदानावर. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत संघ गावात येतो, जातो, पुन्हा येतो. हरणाऱ्या संघालाही तिथं लोक असतात, कारण तो शेजारी राहतो. आता हाच खेळ आपल्या बाजूला आणण्याचा प्रयत्न 'बेसबॉल युनायटेड' करते आहे. १४ नोव्हेंबर २०२५ला त्यांचा पहिला हंगाम सुरू झाला. संघ चार: मुंबई कोब्राज, कराची मोनार्क्स, अरेबिया वुल्व्ह्ज, मिड ईस्ट फाल्कन्स. आणि सगळे सामने दुबईत. मुंबईचं नाव लावलेला व्यावसायिक बेसबॉल संघ महिनाभर वाळवंटातल्या एका मैदानावर खेळला. मैदान नव्हतं, सोय नव्हती, ही अडचण मला समजते. बेसबॉलचं मैदान बनवायचं तर मातीचा उंचवटा, चौकोन, जाळी सगळं नव्यानं उभारावं लागतं. पण नाशिककडे मैदान आहे, खेळपट्टी आहे, कट्टा आहे आणि कट्ट्यावर बसणारी माणसंही आहेत. इथं बाहेरून काही आणायचं नाही.

१ नोव्हेंबर २०२५ला सौराष्ट्राचा संघ रणजीसाठी याच मैदानावर उतरला. त्या हंगामात पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना महाराष्ट्राकडे आले होते. शॉनं चंडीगडमध्ये द्विशतक काढलं होतं आणि पोरं त्याच्यासाठी शाळा बुडवून आली होती. सक्सेनासारखा ऑफस्पिनर जवळून बघायला मिळणं हे त्यांच्यासाठी शाळेहून कमी नव्हतंच.

लीगच्या आयोजकांना माझी विनंती आहे. जूनमध्ये नाशिकला पाऊस असतो, ठाऊक आहे. गहुंज्याचं मैदान पाणी लवकर सोडतं, दिवे आहेत, कॅमेऱ्यांची सोय एकाच जागी करणं स्वस्त पडतं, हेही खरं. आयपीएल संपल्याशिवाय काही खेळाडू मोकळे होत नाहीत आणि तोवर जून लागतो. म्हणून सगळी लीग हलवा असं मी म्हणत नाही. टायटन्सचा एकच सामना, दुपारी दोनचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात गोल्फ क्लबवर ठेवा, आणि पावसासाठी दुसरा दिवस गहुंज्याला राखून ठेवा. एवढंही जमणार नसेल तर स्पर्धेआधीचे सराव सामने मेअखेरीस इथं खेळवा. तिकीट ठेवू नका. सकाळी सिन्नर, निफाड, चांदवड, दिंडोरीच्या क्रिकेट वर्गांतली मुलं खेळाडूंबरोबर नेटमध्ये येऊ द्या, दुपारी त्यांना सीमारेषेला लागून बसू द्या. मिसळवाल्याकडच्या त्या तरुणाला अर्शिनचे षटकार कुठं पडले ते ठाऊक आहे. तसाच एखादा चेंडू इथून त्र्यंबक रोडवर पडला तर कुणाच्या दारात, हेही त्याला सांगता येईल.